शेठ वालचंद हिराचंद व कुर्ल्याची मोटारगाडी

आपल्या गावाचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात एका तहामुळे नोंदले गेले आहे. सन १८०३ मध्ये असई व अडगाव येथील लढायांत पराभव झाल्यावर आणि आपल्या शेजारचा गाविलगड किल्लाही पडल्यावर, दौलतराव शिंदे यांच्या वकिलांनी ३० डिसेंबर रोजी जनरल आर्थर वेलस्ली यांजबरोबर येथे तह केला. गंगा-यमुनेच्या दुआबातील मुलूख, भडोच व अहमदनगरचा किल्ला एवढे सर्व त्या एका कागदाने शिंद्यांच्या हातून गेले. ही हकीकत आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. या तहानंतर एकशे सोळा वर्षांनी शिंदे हे नाव पुन्हा एका झुंजीत उतरले, ही गोष्ट मात्र थोड्यांस ठाऊक असेल. त्या खेपेस रणांगण समुद्राचे होते, शस्त्र आगबोटीचे होते, आणि झुंजणारा गृहस्थ सोलापूरचा एक व्यापारी होता. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदशेठांनी आगबोटी चालविल्या, साखर काढली, बोगदे खणविले, विमानांचा कारखाना उभारला. परंतु या लेखात आम्ही विशेषेकरून त्यांच्या मोटारगाडीची कथा सांगणार आहो. ती गाडी मूळची अमेरिकन होती. तिच्या अंगी काही विलक्षण खोडी होत्या व काही विलक्षण गुणही होते. दुसऱ्याने घडविलेली वस्तू वापरणे, ती जोडता येणे आणि ती स्वतः घडविता येणे या तीन पायऱ्यांत केवढे अंतर आहे, हे त्या गाडीवरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरूनही क्वचितच दिसेल.

वालचंदशेठांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील, धर्माने दिगंबर जैन. सोलापुरास कापसाचा व्यापार व सावकारीची पेढी असा त्यांचा व्यवसाय होता. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातोश्री निवर्तल्या, त्यामुळे आईचे मुख त्यांस कधी आठवले नाही. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातील शिक्षण संपवून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. घरी आल्यावर वडिलोपार्जित पेढीवर बसावे, व्याज मोजावे, कापसाचे भाव पाहावे, असा मार्ग त्यांच्यापुढे आयता आखलेला होता. त्या मार्गात त्यांचे मन रमले नाही. ठेवलेल्या पैशाने पैसा वाढावा यापेक्षा पैशातून काही डोळ्यांस दिसेल असे उभे राहावे, ही त्यांची मनोवृत्ती होती.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांशी पडली. फाटक हे रेल्वेत कारकून होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, परंतु भांडवल नव्हते. वालचंदशेठांपाशी भांडवल उभे करण्याची ऐपत होती, परंतु अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. मूर्तिजापुराहून अचलपुराकडे जाणारी आपली छोटी गाडी आपल्या अंजनगावच्या स्टेशनावर थांबत असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. बार्शीचीही तीच मोजणी. ज्यांनी ती छोटी गाडी पाहिली आहे त्यांस वालचंदशेठांचा पहिला धंदा केवढ्या रुळांवरून सुरू झाला याची कल्पना सहज येईल.

पुढे कामे वाढत गेली. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावापासून मुंबईस पाणी आणणारे नळ, अशी मोठी कामे त्यांच्या हातून पार पडली. सन १९२६ मध्ये त्यांनी स्थापिलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आजही चालू आहे. कंत्राटदाराच्या धंद्याने त्यांस एक गोष्ट शिकविली. खडक आपला, मजूर आपले, घाम आपला. परंतु खडक फोडणारे यंत्र, पाणी उपसणारा पंप व रुळावरचे इंजिन ही सर्व परदेशची. यंत्र मोडले म्हणजे त्याचा सुटा भाग समुद्रापलीकडून येईपर्यंत काम थांबे. हिंदुस्थानचे दारिद्र्य कोठे दडले आहे हे त्यांस येथे दिसले असावे, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून आम्हांस वाटते.

पहिले महायुद्ध संपल्यावर सन १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्यासह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली लॉयल्टी ही तिची पहिली आगबोट. ही बोट काही नवी नव्हती. सन १८९१ मध्ये ती विलायतेत बांधली गेली, पुष्कळ वर्षे पॅसिफिक महासागरात एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने उतारू नेत होती, आणि युद्धात रुग्णनौकेचे काम करून थकली होती. अशी अठ्ठावीस वर्षांची जुनी बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनास निघाली. तिने कंपनीस फायदा फारसा दिला नाही. सन १९२३ मध्ये ती मोडीतही निघाली. परंतु ज्या दिवशी ती निघाली तो दिवस सन १९६४ पासून भारतात राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मालवाहतूक इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होती. नव्या कंपनीस बुडविण्यासाठी त्यांनी भाड्याचे दर खाली ओढले. सिंधिया कंपनी बुडाली नाही. सन १९२३ च्या करारान्वये तिला किनाऱ्यावरील व्यापारात मर्यादित का होईना, परंतु मान्य अशी जागा मिळाली. सन १८०३ मध्ये अंजनगावास जे नाव माघार घेऊन गेले होते, ते या वेळी माघार न घेता टिकले.

परंतु विकत घेतलेल्या बोटी चालविण्यात वालचंदशेठांस समाधान नव्हते. बोट विकत घेणे ही पहिली पायरी, बोट बांधणे ही शेवटची. सन १९४१ च्या २१ जून रोजी विशाखापट्टणास त्यांच्या जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढील वर्षीच जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले. तरीही काम पुरे झाले आणि १४ मार्च १९४८ रोजी जलउषा ही मोठी आगबोट पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. साखरेच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. नाशिक जिल्ह्यात रावळगाव व पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे त्यांनी माळरानावर ऊस पिकविला व साखरेचे कारखाने काढले. वालचंदनगरास मागाहून साखरेच्या कारखान्यांची यंत्रेच तयार होऊ लागली, आणि पुढे तर अंतराळात जाणाऱ्या भारतीय अग्निबाणांचे भागही तेथे बनले.

आता मोटारीकडे वळू. सन १९३० च्या पुढे हिंदुस्थानात मोटारी दिसत नव्हत्या असे नाही. वऱ्हाडात जिनिंगचे मालक, मालगुजार व वकील यांच्या दारी त्या उभ्या असत. त्यांपैकी पुष्कळ अमेरिकन असत, कारण अमेरिकन गाडी उंच, दणकट व खडबडीत वाटेस सोसणारी होती. फोर्ड कंपनीने सन १९२६ मध्ये हिंदुस्थानात आपली शाखा काढली. जनरल मोटर्सने सन १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे कारखाना घातला. कारखाना म्हटला म्हणजे तेथे गाडी बनत असेल असे कोणासही वाटेल. वास्तविक तेथे लाकडी पेट्यांतून आलेले भाग जोडले जात. इंजिन, गिअर, आस, पत्रा हे सर्व आगबोटीतून यावयाचे. येथे त्यांस एकत्र आणून खिळवावयाचे, रंग द्यावयाचा व विकावयाचे. लहान मूल खेळण्यातील ठोकळे जोडून घर करते. ठोकळे ज्याने कापले त्याच्याशिवाय त्या मुलास दुसरे घर करता येत नाही.

हे चित्र पालटावे म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना आखली. खडकवासल्याच्या धरणावरील आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यांमुळे हे थोर इंजिनियर महाराष्ट्रास परिचित आहेत. वालचंदशेठांनी त्यांची योजना मनावर घेतली. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने साह्याची तयारी दाखविली. परंतु सन १९३९ च्या नोव्हेंबरात ते मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले. दिल्लीच्या सरकारने तर युद्धाच्या ऐन गरजेतही या कारखान्यास हात दिला नाही. लष्करास हजारो मोटारी हव्या होत्या, त्या समुद्रापलीकडून येत होत्या, आणि येथे कारखाना काढावयास सिद्ध असलेला मनुष्य दारात तिष्ठत होता.

तथापि वालचंदशेठ स्वस्थ बसणारे नव्हते. ते सन १९३९ मध्ये अमेरिकेस गेले. प्रथम फोर्ड कंपनीचे नाव कोणाच्याही मनात येणे साहजिक होते. हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी या गाडीच्या दीड कोटीहून अधिक प्रती सन १९०८ ते १९२७ या काळात तयार झाल्या. ती गाडी मोठी चमत्कारिक होती. हल्लीच्या गाडीप्रमाणे तीन पायटे तिलाही होते, परंतु त्यांची कामे निराळी. डावा पायटा पुरता दाबला की गाडी सावकाश पुढे जाई, अर्धा दाबला की इंजिन मोकळे फिरे, व सोडून दिला की ती वेगाने धावे. मधला पायटा दाबला की ती मागे जाई, आणि उजवा ब्रेकचा. पेट्रोल कमीअधिक करण्याची कळ पायाशी नसून सुकाणूच्या खाली हाताशी होती. पेट्रोलची टाकी बैठकीखाली असून पेट्रोल केवळ उताराने इंजिनात जाई. त्यामुळे टाकीत पेट्रोल थोडे असता उभ्या चढणीवर गाडीचे तोंड वर झाले की पेट्रोल पोचत नसे. मग चालक गाडी वळवून ती उलटी, पाठमोरी, चढ चढवीत असे. परंतु फोर्डशी बोलणे जुळले नाही. ब्रिटिश साम्राज्यातील फोर्डचा व्यापार कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होता, आणि हिंदुस्थानातील शाखाही तिचीच होती.

बोलणे जुळले ते क्रायस्लर कंपनीशी. या कंपनीचे संस्थापक वॉल्टर क्रायस्लर यांचा थोडा परिचय विद्यार्थ्यांस करून द्यावासा वाटतो. त्यांचा जन्म सन १८७५ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात झाला. वडील रेल्वेचे इंजिन चालवीत. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात उमेदवार म्हणून राहिला, व आपली हत्यारे त्याने स्वतःच्या हाताने घडविली. सन १९०८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्याने लोकोमोबिल नावाची मोटार पाहिली. किंमत पाच हजार डॉलर. जवळ शिल्लक सातशे. बाकीचे कर्ज काढून त्याने ती गाडी विकत घेतली, घरी आणली, आणि तीत बसून फिरण्याऐवजी ती सगळी सुटी केली. पुन्हा जोडली, पुन्हा सुटी केली. गाडीच्या प्रत्येक अवयवाचे काम कळल्यावरच तो ती चालवावयास शिकला. याच मनुष्याने पुढे सन १९२४ मध्ये आपल्या नावाची पहिली मोटार काढली, सन १९२५ मध्ये कंपनी स्थापिली, आणि सन १९२८ मध्ये प्लिमथ व डिसोटो ही नवी नावे काढून डॉज कंपनीही विकत घेतली. सन १९४० मध्ये ते वारले.

क्रायस्लरच्या गाड्यांत यंत्रविद्येचा विचार खोल असे. पहिल्याच गाडीस चारही चाकांवर द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते. फोर्डने ही सोय आपल्या गाड्यांस सन १९३९ पर्यंत दिली नव्हती. सन १९३१ च्या प्लिमथमध्ये इंजिन थेट सांगाड्यावर न आवळता रबराच्या गाद्यांवर अशा खुबीने बसविले होते की त्याची थरथर उतारूंच्या अंगास लागत नसे. सन १९३४ मध्ये कंपनीने एअरफ्लो नावाची गाडी काढली. वाऱ्याच्या बोगद्यात नमुने तपासून तिला वारा कापणारा गोलसर आकार दिला, इंजिन पुढे सरकविले आणि मागील बैठक मागल्या आसाच्या पुढे आणली. यंत्रदृष्ट्या ती काळाच्या पुढे होती. लोकांनी मात्र तिचे तोंड पाहून नाके मुरडली व ती फारशी खपली नाही. या अनुभवाने कंपनी सावध झाली. पुढील वर्षांत तिच्या गाड्या सरळ, उंच व काहीशा जुन्या वळणाच्या राहिल्या. कंपनीचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा कटाक्ष असे की डोकीवर टोपी घातलेल्या गृहस्थास गाडीत ताठ बसता आले पाहिजे. आपल्याकडील पगडी, फेटा व गांधी टोपी यांस हा आग्रह चांगलाच मानवला असेल.

युद्ध चालू असतानाच, सन १९४४ मध्ये, वालचंदशेठांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली व मुंबईजवळ कुर्ल्यास कारखाना उभारला. स्वातंत्र्याच्या सुमारास तेथे डॉज, डिसोटो व प्लिमथ या गाड्या तयार होऊ लागल्या. आता या गाड्यांच्या खोडी पाहा.

पहिली खोड नावाची. आपल्याकडे डॉज किंग्सवे व डिसोटो डिप्लोमॅट या नावांनी ज्या गाड्या आल्या त्या अंगाने प्लिमथच होत्या. पुढील जाळी व नावाच्या पट्ट्या बदलल्या की एका गाडीच्या तीन गाड्या होत. ही बतावणी खरी, परंतु कारखानदारास ती सोयीची. कारण एका नगाचे सुटे भाग दुसऱ्यास चालत.

दुसरी खोड चाकांची. उजव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट नेहमीप्रमाणे उजवीकडे फिरवून आवळावयाचे. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे मात्र उलटे. ज्यास हे ठाऊक नसे तो रस्त्यात चाक बदलताना पान्यावर सगळा जोर लावी, बोल्ट सैल होण्याऐवजी अधिकच घट्ट होई, आणि अखेर तुटे. हा वेडेपणा नव्हता. गाडी पुढे जात असता डाव्या चाकाच्या फिरण्याने साधे आटे सैल होण्याचा संभव असतो, म्हणून क्रायस्लरच्या इंजिनियरांनी ते उलटे कापले. विद्यार्थ्यांस हे पडताळून पाहावयाचे असेल तर सायकल पाहावी. तिच्या डाव्या पायट्याचे आटेही याच कारणास्तव उलटे असतात. सन १९७० च्या सुमारास कंपनीने ही रीत सोडली.

तिसरी खोड हातब्रेकची. इतर गाड्यांत हातब्रेक मागील चाकांस पकडतो. या गाड्यांत तो गिअरपेटीच्या मागे, इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या दांड्यावर बसविलेला असे. एका पट्ट्याने दोन्ही चाके थांबत, हा फायदा. परंतु चाक बदलण्यासाठी एक मागील चाक जॅकने उचलले की हा ब्रेक निरुपयोगी होई. मागील दोन चाकांमध्ये असलेली दंतचक्रे वळणावर एका चाकास दुसऱ्याहून निराळ्या वेगाने फिरू देतात. त्यामुळे उचललेले चाक हवेत उलटे फिरे, जमिनीवरचे चाक सुलटे फिरे, मधला दांडा जागच्या जागी राही आणि गाडी जॅकवरून घसरे. म्हणून जाणता चालक आधी जमिनीवरील चाकांस मोठे दगड लावी, मग जॅकला हात घाली.

चौथी गोष्ट बॅटरीची. ती सहा व्होल्टची असे आणि तिचे धन टोक गाडीच्या लोखंडी अंगास जोडलेले असे. हल्लीच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. सवयीने तार जोडणारा मिस्त्री येथे फसे. पाचवी गोष्ट इंजिनाची. सहा सिलिंडर एका ओळीत, आणि झडपा डोक्यावर नसून बाजूस. अशा इंजिनास पेट्रोल अधिक लागते व शक्ती बेताची मिळते. परंतु त्याचे डोके म्हणजे केवळ एक जाड झाकण असल्यामुळे ते काढावयास सोपे. आतील काजळी खरवडून पुन्हा बसविणे गावातील मिस्त्रीसही जमे. जेथे मोठा कारखाना शेकडो मैल दूर, तेथे असे साधे इंजिन हुशार इंजिनाहून बरे.

या सर्व खोडींचा वालचंदशेठांच्या चरित्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते फार निकटचा आहे. गाडी विकत घेणाऱ्यास डाव्या बोल्टाचे आटे उलटे आहेत एवढे माहीत असले म्हणजे पुरे. गाडी जोडणाऱ्यास ते कोठे बसतात हे कळावे लागते. परंतु गाडी घडविणाऱ्यास ते उलटे का आहेत हे कळले पाहिजे, ते कापण्याचे यंत्र त्यापाशी पाहिजे, ज्या पोलादावर ते कापावयाचे त्याची पारख पाहिजे, आणि ते काम दररोज हजार वेळा बिनचूक करणारे कामगार शिकवून तयार केलेले पाहिजेत. वालचंदशेठांस ही तिसरी पायरी गाठावयाची होती. कुर्ल्यासही आरंभ पेट्यांतून आलेल्या भागांनीच झाला, हे खरे. त्यामुळे त्यांच्यात व शिवडीच्या कारखान्यात फरक तो काय, असा आक्षेप त्या काळी घेता आला असता. फरक पुढे दिसला. स्वतंत्र भारताच्या सरकारने सन १९५३ मध्ये ठरविले की जे कारखाने गाडीचे भाग क्रमाक्रमाने येथेच बनविण्यास तयार आहेत त्यांनीच हा धंदा करावा. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी ते पत्करले नाही व त्यांनी आपले दुकान आवरले. कुर्ल्याचा कारखाना व कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स हे राहिले.

वालचंदशेठांच्या स्वभावातील दोषही झाकू नयेत. एक काम पुरे होण्याआधी ते दुसऱ्यास हात घालीत. भांडवल जमण्यापूर्वी पाया खणावा, ही त्यांची रीत. अशा मनुष्याबरोबर काम करणाऱ्यांची झोप उडत असली पाहिजे. याच रीतीने त्यांचे विमानाचे प्रकरण घडले. सन १९३९ च्या त्याच प्रवासात, अमेरिकेहून परत येताना, विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यापाऱ्याशी ओळख झाली. मोटारीसाठी गेलेला हा गृहस्थ विमानाची योजना घेऊन परतला. म्हैसूर सरकार व दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली, व दुसऱ्याच वर्षी तेथे तयार झालेले विमान उडाले. सन १९४२ मध्ये सरकारने ती कंपनी आपल्या ताब्यात घेतली. जहाजाच्या कारखान्याचा मोठा वाटाही सन १९५२ मध्ये सरकारकडे गेला. ज्या दोन कारखान्यांवर त्यांचा जीव होता ते त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती गेले. मोठी कामे काढणाऱ्याच्या वाट्यास येणारे हे दुःख थोडे नव्हे. परंतु दोन्ही कारखाने चालू राहिले, देशाच्या उपयोगी पडले, आणि आजही काम करीत आहेत.

सन १९४९ मध्ये त्यांस पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी ते सर्व व्यवसायांतून निवृत्त झाले. धावपळीत ज्याचे आयुष्य गेले त्यास अंथरुणावर पडून राहावे लागले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला. कुर्ल्याच्या कारखान्याची खरी भरभराट त्यांनी पाहिली नाही. अमेरिकन गाड्या महाग व पेट्रोल अधिक खाणाऱ्या असल्यामुळे कारखान्याने इटलीच्या फियाट कंपनीशी संधान बांधले. त्यातून जी लहान गाडी निघाली तिला सन १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत जो कोणी बसला आहे तो बहुधा तिच्यातच बसला असेल. कारखान्यातून त्या गाडीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, आणि सन २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निघून गेली. वालचंदशेठांचे नाव सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजास सन १९५५ पासून आहे. आपल्या वऱ्हाडातीलही मुले तेथे जाऊन यंत्रविद्या शिकू शकतात, आणि शिकावी अशी आमची इच्छा आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज प्रत्येक घरी यंत्रे आहेत. कोणाच्या दारी मोटारसायकल, कोणाच्या शेतात पंप, कोणाच्या हातात टेलिफोन. ही यंत्रे वापरण्यात तुम्ही आपल्या वडिलांहून चतुर आहात, हे आम्ही दररोज पाहतो. परंतु वापरता येणे म्हणजे ती वस्तू आपली होणे नव्हे. ज्याच्या मालकीची गाडी आहे त्यास तिचे आटे कोणत्या बाजूस फिरतात हे ठाऊक नसेल, तर भर रस्त्यात त्या गाडीचा मालक कोणी दुसराच ठरतो. पालकांसही आमची विनंती आहे की मुलाने घरातील बिघडलेला पंखा किंवा सायकल सुटी करून अंगणात मांडली तर त्यास लगेच रागावू नये. एवढेच पाहावे की त्याने ती पुन्हा जोडली आहे.